जोडीदार नसलेला तारा

लखनौतल्या आमच्या संस्थेत मराठी बोलणारी तीनच माणसं होती. दुसऱ्या मजल्यावर ताऱ्यांचा अभ्यास करणारे जगदीश पाटणकर सर, तळमजल्यावर दगडांत अडकलेले लाखो वर्षांपूर्वीचे परागकण मोजत बसणारी मी, आणि २०१६च्या जुलैपासून सरांकडे पीएच.डी.ला आलेली प्रतिमा गजभिये. सर मूळचे पुण्याचे, मी कराडची. प्रतिमा मात्र लखनौतच जन्मलेली. तिचे वडील श्रीपत गजभिये भंडाऱ्याहून रेल्वेच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून आले, पुलांचे नक्शे काढता काढता तीस वर्षं राहिले आणि विमानतळाजवळ सरोजिनी नगरात घर बांधून इथलेच झाले.

घरात भंडाऱ्याची मराठी, बाहेर हिंदी. प्रतिमा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बोलायची. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "ताई, तुम्ही मराठी आहात ना? मग मी इथे बसून डबा खाल्ला तर चलेल?" तेव्हापासून आठ वर्षं दुपारचा डबा आम्ही बहुधा एकत्रच खाल्ला. त्यामुळे पुढे जे झालं ते मला माहीत आहे. त्यात माझाही थोडा हात आहे, हे आधीच सांगून टाकते.

ती ज्या ताऱ्याचा अभ्यास करत होती तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सारथी तारकासमूहात तो आहे. त्याला नाव नाही, यादीतला एक लांबलचक क्रमांक आहे. सूर्याच्या कितीतरी पट जड आणि वीस हजार अंशांना तापलेला. आणि इतक्या धगधगत्या ताऱ्याभोवती धुळीची तबकडी आहे, वाळू आणि काजळीसारख्या बारीक धुळीची. मला यात काय नवल ते आधी कळलं नाही. तेव्हा प्रतिमाने पोळीचा तुकडा खाली ठेवून मला समजावलं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होऊन उडून जातो. इथे तो थेंब तव्याशेजारी वर्षानुवर्षं तसाच बसलेला आहे. तो आला कुठून आणि टिकला कसा, हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

पाटणकर सरांचा एक अंदाज होता. त्या ताऱ्याला न दिसणारा जोडीदार असावा. दोघं एकमेकांभोवती फिरताना मोठ्याच्या अंगावरचा वायू ओढला जात असेल, दूर जाऊन थंड होत असेल आणि त्याचीच धूळ बनत असेल. हे सिद्ध करायचं तर तारा हलतो हे दाखवायला हवं होतं. जोडीदार असेल तर तारा ठरावीक काळाने थोडा आपल्याकडे येणार, थोडा दूर जाणार, आणि त्याच्या प्रकाशाचा पट्टा पसरून पाहिला की त्यातल्या रेघा तेवढ्याच इकडेतिकडे सरकलेल्या दिसणार.

सरांकडे त्या ताऱ्याच्या त्रेसष्ट रात्रींच्या नोंदी होत्या. एकोणतीस जुन्या, १९९९पासूनच्या, त्यांनी स्वतः तरुणपणी डोंगरातल्या वेधशाळेत थंडीत कुडकुडत घेतलेल्या. त्या सीडींवर होत्या आणि काही सीडींना बुरशी आली होती. उरलेल्या चौतीस नव्या, २०१३नंतरच्या, दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीवरच्या. प्रतिमा स्वतः दुर्बिणीपाशी फक्त दोनदा गेली. बाकी सगळी वर्षं तिने संगणकासमोर काढली. एकेका रात्रीची फाईल उघडायची, रेघा मोजायच्या, पुन्हा मोजायच्या. कामात ती अतिशय नेटकी होती. वडिलांकडून आलेलं वळण असणार. तिच्या वहीत कधी खाडाखोड दिसली नाही.

पाचव्या वर्षी तिला तारा हलताना दिसला. साधारण साडेअकरा महिन्यांत एक फेरी. सरांनी ते आकडे पाहिले आणि खाली माझ्याकडे येऊन खुर्चीवर बसले. बावीस वर्षं मनात धरलेली गोष्ट खरी ठरत होती. जुन्या एकोणतीस रात्रींत ही हालचाल दिसत नव्हती. पण त्या नोंदी भरड आहेत, त्यांत एवढी बारीक गोष्ट दिसणार नाहीच, असं दोघांनी मिळून ठरवलं.

पेपर पाठवला तेव्हा परीक्षकाने एकच मोठी शंका काढली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षातले काही महिने आपणच त्या ताऱ्याकडे धावत असतो आणि काही महिने त्याच्यापासून लांब जात असतो. तारा जागचा हलला नाही तरी त्याच्या रेघा सरकलेल्या दिसतात. म्हणून प्रत्येक नोंदीतून पृथ्वीचा वेग वजा करावा लागतो. तुमच्या ताऱ्याची फेरी वर्षाच्या इतकी जवळ कशी, ही वजाबाकी नीट झाली आहे ना, असं त्याने विचारलं होतं. उत्तर सरांनी लिहिलं. वजाबाकी केलेली आहे, असं. पेपर छापून आला.

त्यानंतरचं वर्ष हे गजभियांच्या घरातलं सर्वांत चांगलं वर्ष होतं. लखनौच्या एका हिंदी पेपरात प्रतिमाचा फोटो आला. श्रीपतकाका निवृत्त झाले होते, पण त्यांनी ठेवणीतली शाईची पेनं काढली आणि मोठ्या कागदावर तो तारा, त्याची धुळीची तबकडी आणि त्याभोवती फिरणारा छोटा जोडीदार असा नक्शा काढला. महिनाभर ते त्यावर बसले होते. कक्षेची लांबी-रुंदी मुलीला विचारून विचारून त्यांनी प्रमाणात घेतली. दर रविवारी जिथे ते वंदना घ्यायचे त्या विहाराच्या वाचनालयात तो नक्शा काचेत बसवून लावला. २०२२च्या चौदा एप्रिलला तिथे प्रतिमाचा सत्कार झाला. मीही गेले होते. भाषणात काका एवढंच म्हणाले की मी जन्मभर पुलांचे नक्शे काढले, पण ते दुसऱ्यांनी बांधलेले पूल होते. माझ्या पोरीने जे शोधलं ते कोणीच पाहिलं नव्हतं. तिची आई कमलाकाकू पहिल्या रांगेत बसून सारखी डोळे टिपत होती. धाकटा भाऊ राजरत्न मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करत होता आणि शेजाऱ्यांना सांगत होता, "दीदी ने ढूँढा है, पूरे इंडिया में किसी ने नहीं."

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. प्रतिमाचा प्रबंध लिहून होत आला होता. एका आकृतीत तिला सगळ्या त्रेसष्ट रात्री एकाखाली एक लावायच्या होत्या. ताऱ्याच्या रेघांच्या आजूबाजूला आपल्या हवेतल्या वाफेच्याही बारीक रेघा उमटतात. त्या ताऱ्याच्या नसतात, आपल्या डोक्यावरच्या आभाळाच्या असतात. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून तिने त्यांवर खुणा करायचं ठरवलं. काम अगदी किरकोळ होतं. वाफ इथलीच, त्यामुळे कच्च्या फाईलमध्ये तिच्या रेघा कधीच सरकत नाहीत. जुन्या एकोणतीस रात्रींत खुणा ओळंब्यात लावल्यासारख्या एकाखाली एक आल्या. नव्या चौतीस रात्रींत त्या नागमोडी गेल्या.

ती माझ्याकडे आली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. डबा आणला नव्हता. तिने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज एकदाही चढला नाही. नव्या दुर्बिणीवरचा संगणक फाईल देण्याआधीच पृथ्वीचा वेग वजा करून ठेवत होता. ती गोष्ट फाईलच्या वरच्या दीडशे ओळींत कुठेतरी एका ओळीत लिहिलेली होती. तिने कच्च्या समजून त्या फाईली घेतल्या आणि तोच वेग पुन्हा वजा केला. दोनदा वजाबाकी झाली. तारा हलत नव्हता. हलत होती ती पृथ्वी, आणि तिची हालचाल चुकून ताऱ्याच्या अंगाला लागली होती.

मी विचारलं, नक्की का? तिने मान हलवली. सकाळपासून तिने तीन वेगवेगळ्या रीतींनी तपासलं होतं. एकदाच वजाबाकी केली तर तारा ढिम्म उभा राहत होता. मग ती म्हणाली, "ताई, जुन्या सीडी खरं सांगत होत्या. त्यांनाच आम्ही भरड म्हटलं."

तेव्हा मी तिला जे सांगितलं त्याचा मला आजही त्रास होतो. सर जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. मी म्हटलं, घाई करू नकोस. आधी सरांना भेट, ते म्हणतील तसं कर. दोन महिने इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी महानगर नावाच्या वस्तीत सरांच्या घरी गेलो. एकटीने जाण्याचं तिला धैर्य होत नव्हतं. पद्मिनीवहिनींनी पोहे केले होते. निवृत्तीनंतर पुण्याला जायचं म्हणून अर्धं घर खोक्यांत भरलेलं होतं. सरांनी चष्मा पुसला, आकृती पाहिली, खुणांच्या नागमोडी ओळीवरून पेन फिरवलं. चुकीचं आहे, असं काही ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या पानावर तिने केलेली तपासणी होती, ती त्यांनी पाहिलीही नाही.

"परीक्षकाने विचारलं तेव्हा उत्तर मी लिहिलं होतं," ते अखेर म्हणाले. "त्या दिवशी फाईली उघडून बघायला हव्या होत्या. मनात आलंही होतं. उघडल्या नाहीत."

प्रतिमा म्हणाली, "सर, पेपर मागे घ्यावा लागेल."

"घेऊ. एकतीस जानेवारीनंतर घेऊ. तोपर्यंत हे आपल्या तिघांत राहू दे. एवढं माझ्यासाठी कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती हो म्हणाली.

सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. प्रतिमा डेंग्यूने आजारी पडली तेव्हा रोज इस्पितळात जाऊन बसणारे तेच होते. पण निरोपाच्या समारंभात त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. समारंभ भर दुपारी संस्थेच्या सभागृहात होता. चार-पाच शहरांतून त्यांचे जुने सहकारी आले होते. श्रीपतकाका आणि कमलाकाकूंना सरांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. तो एक विषय टाळून सरांना सहज बोलता आलं असतं. पण ते बोलत गेले, १९९९मधल्या थंडीबद्दल, बुरशी आलेल्या सीडींबद्दल, आणि मग म्हणाले की त्या ताऱ्याला जोडीदार आहे हे माझ्या विद्यार्थिनीने दाखवलं, आता मी समाधानाने जातो. टाळ्या वाजल्या. प्रतिमाला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. श्रीपतकाकांनी मंचावर जाऊन सरांच्या खांद्यावर शाल घातली आणि त्यांच्या पायांना हात लावायला वाकले. सरांनी त्यांना मध्येच धरलं. सरांचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते सभागृहात फक्त आम्हा दोघींनाच कळलं असेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रतिमाने पेपर मागे घेण्याचं पत्र लिहिलं. त्यात तिने साधं सत्य लिहिलं होतं: नव्या नोंदी आधीच दुरुस्त केलेल्या होत्या, आम्ही त्या पुन्हा दुरुस्त केल्या, सबब निष्कर्ष टिकत नाही. पत्र सरांकडे पुण्याला गेलं. तिथून ते परत आलं तेव्हा त्यात एक शब्द बदललेला होता. 'आम्ही'च्या जागी 'विद्यार्थिनीने' आलं होतं. खाली सरांची संमती होती. त्यानंतर त्यांनी तिचा फोन कधी उचलला नाही. मी एकदा लावला, तर पद्मिनीवहिनींनी घेतला. सरांना बोलणं जमत नाही, रक्तदाब वाढतो, असं त्या म्हणाल्या. आवाजावरून त्याही थकलेल्या वाटल्या.

मी प्रतिमाला म्हटलं की तो शब्द पुन्हा बदल, मी तुझ्यासोबत संचालकांकडे येते. ती म्हणाली, "ताई, फाईल मीच उघडली होती ना. मग झालं." पत्र तसंच छापलं गेलं.

संस्थेत कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही. लखनौत तोंडावर बोलत नाहीत, अदब सांभाळतात. पण एका दुपारी जिन्यात दोन जण बोलत होते. आम्ही खालच्या वळणावर आहोत हे त्यांना दिसत नव्हतं. एक जण म्हणाला, "कोटे से आएँगे तो यही होगा." दुसरा हसला. परीक्षकाला ते उत्तर कुणी लिहिलं होतं, शंका मनात येऊनही फाईल कुणी उघडली नव्हती, हे त्या दोघांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काही फरक पडला नसता. प्रतिमा दोन पायऱ्या चढून थांबली. ते वरून निघून जाईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. मी त्यांना अडवायला हवं होतं. त्या दिवशी तिने डबा उघडला, पण खाल्ला नाही.

घरी तिने अजून सांगितलं नव्हतं. छापील पत्र इंटरनेटवर आल्यावर राजरत्नच्या कुठल्यातरी मित्राने ते वाचलं, आणि राजरत्न घरात काही बोलण्याआधी आपण सांगावं म्हणून तिने एका शनिवारी मला बोलावून घेतलं. सरोजिनी नगरातल्या त्या घरावरून विमानं इतक्या खालून जातात की दर दहा मिनिटांनी बोलणं थांबवावं लागतं. काका खाटेवर बसून वाटाणे सोलत होते. प्रतिमाने पृथ्वीपासून सुरुवात केली. तिने एक ताटली सूर्य केली, वाटाण्याचा दाणा पृथ्वी. काका नक्शे काढणारे, त्यांना पटकन कळलं. वजाबाकी दोनदा झाली इथपर्यंत ते बरोबर आले.

"म्हणजे मापात चूक झाली," ते म्हणाले. "मग त्यात काय? नक्शा दुरुस्त करू. कक्षा किती लहान करायची ते सांग."

"बाबा, कक्षा लहान नाही करायची."

"मग मोठी?"

"दुसरा तारा नाहीच आहे, बाबा. एकच आहे."

वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत कुणी बोललं नाही. काकांनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि दाण्यांबरोबर पडलेलं टरफल बाहेर काढलं. मग विचारलं, "तू काहून सांगून राहिली हे? कोणाले समजलं असतं?"

ती म्हणाली, "मला समजलं होतं ना."

कमलाकाकू आतून चहा घेऊन आली, तिघांचे चेहरे बघून कप तसेच ठेवून गेली. नंतर स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारलं, नोकरी तर जाणार नाही ना पोरीची? मी म्हटलं, नाही. हे मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काका पेचकस घेऊन विहारात गेले. तिथल्या लोकांनी त्यांना समजावलं की राहू द्या, मुलांना बघायला आवडतो, कोण विचारतंय एक तारा की दोन. काकांनी ऐकलं नाही. नक्शा उतरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. तो चुकीचा होता, आणि चुकीचा नक्शा भिंतीवर ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तेवढंच झालं असतं तर ठीक होतं. पण त्यानंतर ते विहारात गेलेच नाहीत. सत्तावीस वर्षं दर रविवारी वंदना घेणारा माणूस घरात बसून राहायला लागला. लोकांनी सत्कार केला होता, हार घातले होते, आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू, असं ते म्हणायचे. प्रतिमाने किती वेळा सांगितलं की चूक माझी आहे, तुम्ही का तोंड लपवता. ते तिच्यावर रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं ती मला म्हणाली. त्यांनी फक्त बोलणं कमी केलं. आधी संध्याकाळी ती आली की आज ताऱ्याचं काय झालं, असं विचारायचे. ते विचारणं बंद झालं.

तिने हार मानली नाही, निदान लगेच नाही. पुढचे सात महिने तिने त्रेसष्टच्या त्रेसष्ट रात्री पहिल्यापासून मोजल्या. बुरशी आलेल्या सीडींतून तीन रात्री जास्तीच्या वाचवल्या. चोवीस वर्षांत तो तारा जागचा हललेला नव्हता. त्याला मोठा जोडीदार नाही, मग धूळ कुठून आली ते माहीत नाही, असा तो निष्कर्ष होता. मला वाटलं, हेही एक उत्तरच आहे. विज्ञानात असं उत्तर मोलाचं असतं, असं मी तिला म्हणालेसुद्धा. तिने तो पेपर दोन ठिकाणी पाठवला. एकाने लिहिलं की एकाच ताऱ्याबद्दलचा नकारार्थी निष्कर्ष वाचकांना फारसा उपयोगाचा नाही. दुसऱ्याने आधीच्या मागे घेतलेल्या पेपरकडे बोट दाखवलं आणि या नोंदींवर कितपत विसंबावं, असं विचारलं.

सर गेल्यामुळे तिला नवे मार्गदर्शक हवे होते. एकाने वेळ नाही म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं की विषय बदला, सूर्यावर काम करा, पण मग नव्याने नोंदणी करावी लागेल, आणि तिच्या नोंदणीची वाढीव मुदतही संपत आली होती. मी चार ठिकाणी शब्द टाकून पाहिला. माझा विषय परागकण. माझ्या शब्दाला त्या मजल्यावर वजन नव्हतं.

२०२४च्या मे महिन्यात परदेशातल्या एका गटाचा मोठा पेपर आला. अशा चाळीस तप्त ताऱ्यांच्या तबकड्या त्यांनी नव्या दुर्बिणींनी पाहिल्या होत्या. तक्त्यात आमचा ताराही होता. त्यापुढे 'जोडीदार आढळला नाही' असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत एक टीप होती, की या ताऱ्याबद्दलचा आधीचा दावा मागे घेण्यात आला आहे. तिच्या चोवीस वर्षांच्या नोंदींचा, सात महिन्यांच्या कामाचा उल्लेख कुठेच नव्हता. असणार तरी कसा, तो पेपर कुठे छापलाच नव्हता. प्रतिमाने मला ती टीप दाखवली आणि म्हणाली की बरोबर लिहिलंय. जुलैअखेर तिची नोंदणी संपली. दुसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी करताना तिने सीडींचं खोकं कार्यालयात जमा केलं आणि पोचपावती घेतली. एवढं झाल्यावर ती माझ्याकडे आली, आम्ही चहा प्यायलो आणि ती गेली. आठ वर्षं झाली होती. पदवी नव्हती.

आता ती गोमती नगरातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. मुलांना ती आवडते असं ऐकते. मागच्या फेब्रुवारीत मी तिला भेटायला शाळेतच गेले, कारण घरी बोलता येत नाही. काका दिवसभर बाहेरच्या खोलीत बसलेले असतात आणि ती कुणाशी बोलायला लागली की उठून आत जातात. शाळेच्या स्टाफरूममध्ये तिच्यापुढे प्रयोगवह्यांचा ढीग होता. ती वाळली होती. तेहतिसाव्या वर्षी केस पांढरे व्हायला लागले होते. मी माझ्या दगडांबद्दल बोलले, कॅन्टीनचा ठेकेदार बदलला ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या मजल्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

मग मीच धीर करून म्हटलं की त्या नोव्हेंबरात मी तुला थांब म्हणाले, ते चुकलं. तेव्हाच जाहीर केलं असतं तर तो समारंभ तसा झाला नसता, काकांवर तशी वेळ आली नसती. दोन वर्षं हे माझ्या पोटात होतं.

तिने लाल पेन खाली ठेवलं.

"ताई, मी त्या दिवशी खुणा केल्याच नसत्या तर?" ती म्हणाली. "आकृतीत त्यांची गरज नव्हती. कुणी मागितल्या नव्हत्या. पदवी मिळाली असती, बाबा विहारात जात असते. मग कधीतरी त्या परदेशी लोकांना कळलं असतं, तेव्हाचं तेव्हा. खुणा केल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं. रोज सकाळी."

मी म्हटलं, तू योग्य तेच केलंस.

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "तरी वाटतं. आणि असं वाटतं याचीच लाज वाटते. आधी अशी नव्हते मी."

माझं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं, त्यातली तीस वर्षं मी संशोधनात काढली होती, आणि त्या पोरीला देण्यासारखं माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो थोडा वेळ तसाच राहू दिला. तास संपल्याची घंटा झाली. तिने वह्या दोन्ही हातांवर घेतल्या, हनुवटीने वरची वही दाबून धरली आणि बारावीच्या वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवायला गेली. मी फाटकाबाहेर येऊन ई-रिक्षाची वाट पाहत बराच वेळ उन्हात उभी राहिले.